‘खरं’ या एका शब्दाचा खेळ

मुरगूडहून एका गृहस्थांचा फोन आला. आवाज असा, की फोन कानापासून वीतभर लांब धरला तरी दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकांना ऐकू जावा.

"पावणं, तुमचा खेळ मागवलाय. पेटी उघडली. ह्यात पट न्हाय की."

पट नसतोच, मी म्हणालो. सोंगट्याही नसतात, हेही लगेच सांगून टाकलं, म्हणजे पुन्हा फोन यायला नको. मग जिंकतं कोण, असं त्यांनी विचारलं. कोणीच जिंकत नाही, असं मी म्हटल्यावर पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. मग चारपाच जणांनी बसून करायचं तरी काय? मी म्हणालो, बोलायचं.

"बोलायला आमच्यात पेटी लागत न्हाय," एवढं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. धंदाच तसा आहे. या अंकासाठी ‘तुमच्या कामाविषयी लिहा’ असा निरोप आला तेव्हा मी आधी विचारून घेतलं, कुठल्या कामाविषयी? कारण मंगळवार पेठेत माझं डीटीपीचं दुकान आहे आणि माझं पोट त्यावर चालतं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, वाढदिवसाचे डिजिटल फलक. या फलकांवर वाढदिवस एकाचा आणि फोटो पन्नास शुभेच्छुकांचे असतात, आणि एखादा शुभेच्छुक जरा बारीक छापला गेला की संध्याकाळी दुकानावर चारपाच गाड्या येऊन उभ्या राहतात. त्या कामावर एक अख्खं पुस्तक होईल. पण संपादकांना हवं होतं ते दुसरं काम, खेळ तयार करण्याचं. तर त्यातल्या एकाच खेळाविषयी लिहितो. तो मी आणि सुनंदाअक्कांनी मिळून केला. तो अक्कांशिवाय चालत नव्हता, आणि मध्येच अक्कांची वाचा गेली.

आधी खेळ म्हणजे काय ते सांगतो. माझी मुलगी शलाका नोकरीला पुण्यात असते. एकदा तिच्याकडं गेलो होतो, तर रविवारी दुपारी तिचे मित्रमैत्रिणी गोल बसून काहीतरी करत होते. एकजण गोष्ट सांगत होता. बाकीचे मध्येच म्हणायचे, मी दार उघडतो, मी त्या माणसाशी बोलतो. जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचे आणि फासा सांगेल तशी गोष्ट पुढं जायची. इंग्रजीत चाललं होतं आणि त्यात पंख असलेले प्राणी आग ओकत होते, त्यामुळं मला अर्धंच कळलं. पण एक गोष्ट लगेच ओळखीची वाटली. ही मोठ्या माणसांची भातुकली होती. तू बाबा हो, मी डॉक्टर होते, ही आपली चूल. लहानपणी आपण हे न शिकता करतो आणि पुढं लाज वाटायला लागते म्हणून सोडून देतो. इथं लाज वाटू नये म्हणून नियम होते.

कोल्हापूरला परत येऊन मी स्वतःच असा एक खेळ लिहायला घेतला. राजे, किल्ले, भुयार, गुप्त वाटा असं सगळं त्यात कोंबलं होतं. कागदावर झकास दिसायचं. खेळायला बसलं की मात्र सगळे खेळाडू इतिहासाच्या पुस्तकासारखं बोलायला लागायचे आणि कुणीतरी चहा आणायला उठायचं.

सुनंदाअक्का माझ्या दुकानात आल्या त्या अंगणवाडीचे तक्ते छापून घ्यायला. शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या गावात त्या अंगणवाडी सेविका होत्या. जयंतीची पत्रकंही दरवर्षी माझ्याकडंच करायच्या. जय भीम म्हणत आत यायच्या आणि खुर्चीवरची माझी पिशवी उचलून खाली ठेवून बसायच्या. त्या दिवशी वीज गेली होती. वाट बघता बघता टेबलावरचे माझे कागद त्यांनी चाळले आणि हे काय म्हणून विचारलं. मी मोठ्या हौसेनं भुयार समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"विलासराव, ह्यात घाबरतंय कोण?"

मी म्हणालो, भुयारात अंधार आहे की.

"भुयार कुणी बघितलंय? आमच्या गावाला इचारा, भ्या कशाचं वाटतंय. पाण्याचं. आनि पाणी काय धावत येत न्हाय. बसत बसत येतंय. एका पायरीवर बसतंय, जरा दम खातंय, मग वरच्या पायरीवर येतंय."

वीज आली तरी त्या बोलतच होत्या. पुराचं पाणी येणार म्हटलं की नदीकाठच्या घरात पहिलं काम असतं माळ्यावर सामान चढवण्याचं. माळा लहान, संसार मोठा. काय वर न्यायचं आणि काय पाण्याला सोडायचं, यावरून त्या वेळी माणूस कळतो असं अक्का म्हणायच्या. त्यांच्या घरात आधी बाबासाहेबांचा फोटो वर जायचा, मग तांदूळ. शेजारच्या पाटलांच्या घरात आधी देव जायचे, मग तांदूळ. पुढचा क्रम दोन्ही घरांत सारखाच होता आणि दोन्ही घरांत नवराबायकोचं भांडण टीव्हीवरून व्हायचं. एकानं माळ्यावर बोकड चढवला होता. पाणी उतरलं तरी बोकड काही उतरेना, त्याला वर करमायला लागलं होतं. एका म्हातारीनं काहीच वर नेलं नाही. नुसती स्वतः चढून बसली आणि खाली वाकून प्रत्येक भांड्याला नावानं हाक मारून निरोप देत होती. हे सांगताना अक्का स्वतः त्या म्हातारीसारख्या वाकल्या, आणि पत्रिका न्यायला आलेलं एक जोडपं आपली पत्रिका विसरून ऐकत उभं राहिलं.

भुयार त्याच दिवशी बंद झालं.

नंतर पाण्याला कंटाळून अक्कांचं कुटुंब गाव सोडून जयसिंगपूरला राहायला आलं. मुलगा आणि अक्का; सून प्रज्ञा पुढं लग्न होऊन त्याच घरात आली. यजमान आधीच गेले होते. सुट्टीच्या दिवशी त्या एस.टी.नं कोल्हापूरला यायच्या, नाहीतर मी तिकडं जायचो. सोडलेलं गाव आम्ही टेबलावर मांडत होतो. मला ते काम वाटायचं. अक्कांना ते घरी जाऊन आल्यासारखं वाटत असणार, असं आता लक्षात येतं.

खेळाचं नाव ठेवलं ‘माळा’. या नावानं पुढं चांगलाच घोळ घातला. कोल्हापुरात एका प्रदर्शनात टेबल मांडून बसलो होतो, मागं मोठा फलक, ‘माळा’. दुपारपर्यंत झुंबड होती. सगळ्या बायका. मोत्याच्या कुठायत, काळ्या मण्यांच्या दाखवा. शेवटी अक्कांनी एकीला हाताला धरून बसवलं आणि म्हणाल्या, माळ बी मिळंल, आधी सांगा पाणी आलं तर ती कुठं ठेवणार? ती बाई तासभर उठली नाही.

खेळ असा. प्रत्येक खेळाडू एक घर घेतो. घरातल्या वस्तूंची कार्डं समोर मांडतो आणि प्रत्येक वस्तू घरात कशी आली ते थोडक्यात सांगतो. माळ्यावर थोडीच कार्डं मावतात. पाणी एकेक पायरी चढत राहतं. गोष्ट पुढं नेणाऱ्या माणसाला काय म्हणायचं, यावर आम्ही बरेच दिवस अडलो. सूत्रधार म्हटलं की नाटक वाटायचं, सरपंच म्हटलं की राजकारण सुरू व्हायचं. अक्का म्हणाल्या, पाणीच म्हणा की. तेव्हापासून खेळाला बसताना आम्ही विचारायचो, आज पाणी कोण?

पहिली कार्डं मी उरलेल्या लग्नपत्रिका कापून केली. एका बाजूला आम्ही चिकटवलेलं ‘दुभती म्हैस’ आणि उलट्या बाजूला ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’. एका तालमीतल्या पैलवानानं ते कार्ड उलटं वाचलं आणि म्हशीला बाहेर काढताना आधी काकाच्या लग्नाला जाऊन मदत आणतो म्हणाला. फासा चांगला पडला. अख्खं वऱ्हाड म्हैस ढकलायला आलं. तसं पाहिलं तर नियमात ते कुठंच बसत नव्हतं, पण त्या दिवशी हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली आणि मी ते वऱ्हाड खेळात कायमचं घेतलं. आजही एका कार्डावर ते आहे.

आता या खेळाचा कणा. जमलं की नाही हे ठरवण्यासाठी मी आधी फाशाचे लांबलचक तक्ते केले होते. अक्का तक्त्याकडं बघायच्याच नाहीत. खेळाडूनं विचारलं, मी शेगडी वर नेऊ का, की त्या फाशाकडं एक नजर टाकायच्या आणि बोलायला लागायच्या. मी बाजूला बसून ऐकायचो. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की त्यांचं प्रत्येक उत्तर चारच तऱ्हांनी सुरू होतं. ‘व्हय की’, म्हणजे खुशाल ने, विचारतोस काय. ‘व्हय खरं’. ‘न्हाय खरं’. आणि नुसतं ‘न्हाय’, म्हणजे विषय संपला. मी तक्ते फाडले. सहा पडले तर व्हय की, एक पडला तर न्हाय, मधले आकडे दोन ‘खरं’मध्ये वाटून दिले. नियम एका कार्डावर मावले. आयुष्यात मी इतकी चांगली जुळणी दुसरी केलेली नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी इथं थांबून सांगायला हवं. आमच्याकडं ‘खरं’ म्हणजे ‘पण’. येतो खरं उशीर हुईल. द्यायचं हाय खरं आता न्हाय. आम्हाला यात काही वेगळं वाटत नाही, म्हणून ते समजावून सांगायचं मला सुचलंच नाही. या धंद्यातली मोठी अडचण हीच आहे. आपला खेळ आपल्याला तपासता येत नाही, जसं आपण लिहिलेल्या मजकुराचं मुद्रितशोधन आपल्याला करता येत नाही. म्हणून खेळ अनोळखी लोकांकडं पाठवायचा आणि त्यांना तो आपल्याशिवाय खेळू द्यायचा असतो. मी एक संच शलाकाच्या मित्रमंडळींकडं पुण्याला पाठवला.

त्यांचा अभिप्राय आला. खेळ फार शांत आणि आल्हाददायक आहे, मनाला विश्रांती मिळते, पुराची भीती अजिबात वाटत नाही. मी चक्रावलो. फोनवर शलाकाला म्हटलं, एक डाव कसा झाला ते सांग. ती म्हणाली, मी विचारलं तांदूळ वर नेऊ का, फासा टाकला, ‘व्हय, खरं’ आलं. म्हणजे होय, अगदी खरोखर. नेले तांदूळ. आणि ‘न्हाय खरं’ आल्यावर? ते खरं नाही, म्हणजे पाणी आलं ही नुसती अफवा आहे असं आम्ही धरलं. अशा रीतीनं पुण्यात आमचा महापूर अफवेवारी वाहून गेला होता.

अक्कांना हे सांगितल्यावर त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पण नंतर प्रश्न गंभीर झाला. पुण्यातले एक प्रकाशक ‘माळा’ छापायला तयार होते. त्यांची अट साधी होती. ‘खरं’च्या जागी ‘पण’ घाला, ‘व्हय’च्या जागी ‘होय’, म्हणजे राज्यभर कळेल. शलाकाचंही तेच मत होतं आणि खोटं कशाला सांगू, माझंही मन तिकडंच झुकत होतं. मी अक्कांना गळ घातली. अक्कांनी नकारार्थी मान हलवली.

"‘पण’ म्हटलं की म्होरचं मानूस गप बसतंय. ‘खरं’ म्हटलं की आधी त्याचं खरं हाय म्हनून सांगितल्यागत हुतंय, मग आपलं."

भाषेच्या पुस्तकात हे कुठं लिहिलेलं असेल असं मला वाटत नाही आणि ते बरोबर आहे की नाही तेही मला माहीत नाही. पण त्यांना तसं वाटत होतं एवढं नक्की. आम्ही वाद घालत राहिलो. त्याच वेळी दुसरी एक अडचणही डोकं वर काढत होती, आणि ती मला जास्त खात होती. अक्का पाणी झाल्या की खेळ रंगायचा. मी पाणी झालो की नगरपालिकेची दवंडी सुरू व्हायची. नागरिकांनी सतर्क राहावं. चांगले बोलणारे दोघेतिघे बसवून पाहिले, त्यांचं पाणीही गढूळच निघालं. प्रत्येक ‘खरं’च्या पुढं काहीतरी सुचावं लागायचं आणि ते अक्कांसारखं कुणाला सुचत नव्हतं. अक्कांना काही पेटीत घालून विकता येणार नव्हतं. मग आम्ही करतोय तो खेळ होता, की सुनंदाअक्कांचा कार्यक्रम? येत्या रविवारी बसून दोन्हीचा निकाल लावू, असं ठरलं.

त्या रविवारच्या आधीच अक्कांना झटका आला. उजवा हात आणि पाय लुळे पडले, आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी सांगितलं की त्यांना सगळं समजतं, शब्द मात्र सापडत नाहीत. जन्मभर नकळत तोंडात बसलेले एखाद-दोन शब्द तेवढे राहतात. अक्कांचे राहिले ते व्हय, न्हाय, खरं आणि शेपटासारखा तो ‘की’.

मी भेटायला गेलो तेव्हा एक नर्स त्यांची विचारपूस करत होती. मुलगी विदर्भातली होती आणि फार मायेनं वागत होती. आजी, कुठं दुखतं का? अक्का म्हणाल्या, "न्हाय, खरं…" नर्स हसली, खरंच नाही म्हणता ना, आणि निघाली. अक्कांनी डाव्या हाताची मूठ गादीवर आपटली. पुण्याचा महापूर माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. मी त्या मुलीला थांबवलं आणि म्हटलं, आमच्याकडं खरं म्हणजे पण. त्यांचं वाक्य अजून संपलेलं नाही, पुढं विचारा. मग एकेका जागी हात लावून विचारत गेल्यावर खांदा सापडला. खांदा दुखत होता. एका शब्दावरून आम्ही हसून घेतलं होतं, तोच शब्द आता त्यांच्याकडं उरला होता, आणि तो ज्याला कळत नव्हता त्याच्यापर्यंत त्या पोहोचू शकत नव्हत्या. मला त्या दिवशी बाहेर येऊन रडू आलं.

घरी आल्यावर अक्का चिडचिड्या झाल्या. मी सवयीनं रविवारी जात राहिलो, पण काय बोलायचं? मी एकटाच बोलायचो, पावसाचं, दुकानाचं, फलकांवरच्या शुभेच्छुकांचं. मग माझंही संपायचं. ज्यांनी इतकी वर्षं दुसऱ्याला बोलतं केलं, त्यांच्यासमोर मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसायचो. खेळ मी मनातून सोडून दिला होता. प्रकाशकांचे फोन घेत नव्हतो. अक्कांच्या आवाजातलं काहीही आम्ही ध्वनिमुद्रित करून ठेवलं नाही, याची हळहळ तेव्हा फार लागली आणि अजून लागते. त्या म्हातारीनं कुठल्या भांड्याला काय म्हटलं ते मला आता आठवत नाही.

एका रविवारी प्रज्ञाच म्हणाली, काका, ती कार्डं आणा की, आईंना बघायला तरी बरं वाटेल. पुढच्या खेपेला मी पेटी घेऊन गेलो. पलंगाजवळ स्टूल ओढून प्रज्ञा आणि मी खेळायला बसलो. पाणी अर्थातच मी. प्रज्ञानं काहीतरी विचारलं, मी फाशाकडं बघून दवंडी सुरू केली. पाण्याची पातळी वाढत असून, वगैरे.

"न्हाय," अक्का म्हणाल्या.

आम्ही वळून बघितलं. त्यांनी डावा हात स्वतःच्या छातीवर आपटला. मला आधी वाटलं, छातीत दुखतंय. प्रज्ञाला आधी कळलं. ती म्हणाली, आईंना पाणी व्हायचंय.

खरं सांगतो, मी घाबरलो. त्या बोलायला जातील, शब्द सापडणार नाहीत आणि आमच्यासमोर त्यांची फजिती होईल, असं मला वाटलं. मी काहीतरी कारण काढून कार्डं गोळा करायला लागलो. प्रज्ञानं माझा हात धरून बाजूला केला आणि फासा अक्कांच्या डाव्या हातात दिला. मग तिनं विचारलं, आई, मी शेगडी माळ्यावर नेऊ का?

अक्कांनी फासा टाकला. बघितला.

"व्हय, खरं…"

आणि थांबल्या. पुढचा शब्द शोधताना त्यांचे ओठ हलत होते. आम्ही वाट बघत होतो. मी खाली मान घालून बसलो होतो. मग अक्कांनी शोधणं सोडलं, मान वर केली आणि प्रज्ञाकडं बघत राहिल्या. ती नजर मी ओळखत होतो. अंगणवाडीत पोराला अर्धी ओळ सांगून उरलेली त्याच्याकडून म्हणवून घेताना असते ती.

प्रज्ञा अडखळली. मग म्हणाली, "शेगडी नेली वर… खरं काडेपेटी खालीच ऱ्हायली. आनि ती आता तरंगत दाराकडं चाललीया."

"व्हय की," अक्का म्हणाल्या आणि तोंडाच्या चांगल्या बाजूनं हसल्या.

प्रज्ञा मूळची नदीकाठची नाही. लग्न होऊन आली ती जयसिंगपूरच्या घरात. तिनं सासूचं गाव पाण्याखालीही पाहिलेलं नव्हतं. तरी त्या दुपारी ती बोलत गेली. ‘न्हाय खरं’ आलं की तिचं तीच सांगायची, तांदूळ गेले खरं त्यातले मूठभर पदराला चिकटले. अक्कांनी त्या चार उत्तरांच्या पलीकडं काही म्हटलं नाही. मग मी खेळाडू झालो, आणि दवंडी देणारा मी, माझ्या वडिलांच्या छपाईचे खिळे जुळवायच्या पेटीबद्दल असं काही बोललो जे मी घरातही कधी बोललो नव्हतो. अक्का नुसत्या बघत होत्या आणि आपण बोललो नाही तर हे पाणी हलणार नाही असं वाटत होतं.

परतीच्या एस.टी.त माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतके दिवस आम्ही पाण्याला बोलायला लावत होतो आणि सगळं बिघडत होतं. पाणी कुठं बोलतं? ते येतं आणि उभं राहतं, बोलतात ती माणसं. ‘खरं’ पाण्यानं म्हणायचं आणि पुढचं ज्याचं घर त्यानं सांगायचं. हा नियम घातल्यावर कुणीही पाणी होऊ शकत होतं. खेळ पुरा झाला होता, आणि तो अक्कांनी केला होता, न बोलता. हा नियम मला निरोगी अक्कांकडून मिळाला असता तर किती बरं झालं असतं, असं वाटायचं थांबत नाही. पण तेव्हा आम्ही दोघंही त्यांच्या बोलण्यावरच खूश होतो.

प्रकाशकांना मी कळवलं की ‘खरं’ तसंच राहील. त्यांनी सभ्यपणे नकार दिला. ‘माळा’ मग आम्हीच छापला, मंगळवार पेठेत, पत्रिकांच्या सीझनमधून वेळ काढून. पहिल्या कार्डावर एकच ओळ आहे: आमच्याकडं खरं म्हणजे पण. शेवटच्या कार्डावर: पाण्यानं चार उत्तरांपलीकडं बोलू नये.

मुरगूडच्या त्या गृहस्थांचा परवा पुन्हा फोन आला. आवाज तोच. पेटी कपाटावर टाकून दिली होती म्हणे. पाहुणे आले, टीव्ही बंद पडलेला, म्हणून उघडली. आता घरातली सगळी बोलायला लागलीयत. त्यांच्या थोरल्या भावानं लहानपणच्या एका सायकलीवरून असं काही सांगितलं की दोघा भावांत बऱ्याच वर्षांची अढी होती ती निघाली. मी म्हटलं, चांगलंच झालं की. ते म्हणाले, "झालं खरं, थांबवायचं कसं ते लिवलं न्हाय तुमी. जेवान गार हुतंय."

हे मी गेल्या रविवारी अक्कांना जसंच्या तसं ऐकवलं. त्या खूप हसल्या. आताशा त्यांचे आणखी काही शब्द परत आले आहेत, नातवाचं नाव, चहा. पण गोष्ट सांगण्याइतके येतील असं डॉक्टर म्हणत नाहीत. पेटी उघडीच होती. मी सहज विचारलं, अक्का, जमला का हो आपला खेळ?

त्यांनी सवयीनं फासा उचलला, पण टाकला नाही. मुठीत धरून ठेवला.

"व्हय, खरं…"

आणि माझ्याकडं बघत राहिल्या. नियम मीच छापला होता. पुढचं मला सांगायचं होतं, आणि काय सांगायचं ते आम्हा दोघांनाही माहीत होतं.

मी म्हणालो, "जमला, खरं तुमी सांगायचा तसलं पाणी आता कुणी सांगनार न्हाय."

"व्हय की," अक्का म्हणाल्या, आणि फासा माझ्या हातात देऊन पेटीतली कार्डं डाव्या हातानं मांडायला लागल्या.